अँटिबायोटिक चालू असताना आतड्यांचा संसर्ग कुणाला होईल, हे आधी ओळखता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघणारी सिस्टर आहे. न्यूमोनिया बरा होत आलेला असतो, ताप उतरलेला असतो, डिस्चार्जचं बोलणं सुरू झालेलं असतं, आणि नेमके त्याच दिवशी रुग्णाला जुलाब सुरू होतात. अशा वेळी नातेवाईक वॉर्डाबाहेरच्या बाकावर मला जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक विनंती आधीच करते: हे वाचून कुणीही चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका.

हा नेमका कोणता संसर्ग?

जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. वॉर्डात आम्ही त्याला नुसतं 'सी-डिफ' म्हणतो. १९३५ साली तो पहिल्यांदा सापडला तो तान्ह्या, ठणठणीत बाळांच्या शीमध्ये. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड, म्हणून त्याच्या नावात 'डिफिसिल' आलं. अँटिबायोटिकनंतर मोठ्या आतड्याला जी भयंकर सूज येते, तिच्यामागे हाच आहे हे कळायला मात्र १९७८ साल उजाडलं.

हा जंतू आतड्यात विष सोडतो. त्याने आतड्याचं अस्तर सोलवटतं. दिवसातून तीन-चार वेळा, कधी दहा-बारा वेळा पाण्यासारखे जुलाब होतात, पोटात मुरडा येतो, ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात. दुखणं वाढलं तर आतडं फुगतं, रक्तदाब उतरतो आणि रुग्ण आयसीयूत जातो. अमेरिकेत २०११ या एका वर्षात साधारण साडेचार लाख लोकांना हा संसर्ग झाला आणि निदानानंतर ३० दिवसांच्या आत सुमारे २९,००० माणसं गेली, असा तिथल्या सरकारी यंत्रणेचा अंदाज आहे.

अँटिबायोटिक जंतू मारतं ना? मग त्यानेच संसर्ग कसा होतो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि याचं उत्तर कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात शेकडो जातींचे जंतू दाटीवाटीने राहतात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुळशीबागेत नव्या माणसाला पथारी टाकायला इंचभर जागा मिळते का? तसंच असतं ते. बाहेरून आलेल्या सी-डिफला तिथे ना जागा मिळते, ना खाणं. फुप्फुसातला किंवा लघवीतला जंतू मारायला दिलेलं अँटिबायोटिक आतड्यातही पोहोचतं आणि ही सगळी वस्ती उठवून टाकतं.

यात पित्ताचाही भाग आहे. यकृतातून येणाऱ्या पित्तक्षारांचं रूप आतड्यातले काही चांगले जंतू बदलतात, आणि हे बदललेले क्षार सी-डिफला वाढू देत नाहीत. चांगले जंतू गेले की हा बदल थांबतो. उरलेले मूळ पित्तक्षार तर उलट सी-डिफच्या बीजाणूंना जागं करतात. बीजाणू म्हणजे टणक कवच घेऊन झोपलेला जंतू. तो पोटातल्या आम्लातून, औषधांतून, कोरड्या फरशीवरच्या महिन्यांमधून तगून राहतो आणि योग्य वेळेची वाट बघतो. अँटिबायोटिकचा कोर्स ही त्याच्यासाठी तीच वेळ असते.

२०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या भागात साथ आली होती, ती हीच का?

नाही. त्या वेळी पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे रुग्ण वाढले आणि अनेकांच्या शीच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा वेगळा जंतू मिळाला. तो दूषित पाण्या-अन्नातून येतो आणि रस्त्यावरच्या कुणालाही गाठू शकतो. सी-डिफ बहुतेक वेळा अँटिबायोटिक घेतलेल्या, रुग्णालयात राहिलेल्या माणसाला गाठतो. म्हणूनच तो कुणाला होईल याचा अंदाज आधी बांधता येतो.

अँटिबायोटिक घेताना जुलाब झाले म्हणजे सी-डिफच समजायचं का?

नाही. अशा जुलाबांपैकी बहुतेक साधे असतात आणि औषध संपलं की थांबतात. पण २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली तर सिस्टरला सांगाच. रात्री दोन वाजता झाली तरी सांगा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.

धोका कुणाला जास्त असतो?

वय ६५ च्या पुढे गेलं की धोका वाढतो. गेल्या काही महिन्यांत रुग्णालयात राहून आलेला माणूस, किमोथेरपी चालू असलेला, मूत्रपिंड अधू झालेला, आतड्याचं ऑपरेशन झालेला, नाकातल्या नळीने अन्न घेणारा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधी एकदा सी-डिफ होऊन गेलेला, या सगळ्यांकडे आम्ही जास्त बारकाईने बघतो.

औषधांमध्येही सगळी सारखी नाहीत. क्लिंडामायसिन, सेफ्ट्रिआक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं, सिप्रोफ्लॉक्सासिन-लेव्होफ्लॉक्सासिनचा गट आणि मेरोपेनेमसारखी जड औषधं धोका जास्त वाढवतात. डॉक्सिसायक्लिनने तो कमी वाढतो. एकाच्या जागी तीन औषधं, पाच दिवसांच्या जागी पंधरा दिवस, असं झालं की धोका चढत जातो.

आणि ती सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी. पँटोप्राझोल आपल्याकडे चहाच्या आधी घ्यायची गोष्ट झाली आहे. दोन वर्षांपूर्वी पित्त झालं म्हणून सुरू केली आणि पुढे कुणी बंदच केली नाही, अशी माणसं मला रोज भेटतात. आम्ल कमी करणाऱ्या या औषधांचा आणि सी-डिफचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. गरज असेल तर ती घ्यायलाच हवी, पण गरज आहे का हे कुणीतरी विचारायला हवं.

एक कारण रुग्णाच्या अंगातलं नसतंच. शेजारच्या खाटेवर सी-डिफचा रुग्ण असेल तर आपल्या माणसाचा धोका वाढतो.

'आधी ओळखणं' म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

अनुभवी डॉक्टर किंवा सिस्टर वर सांगितलेल्या गोष्टी बघून मनात अंदाज बांधतातच. पण साठ खाटांच्या वॉर्डात प्रत्येक माणसाचा अंदाज रोज नव्याने बांधणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि धोका तर रोज बदलतो. सोमवारी एक अँटिबायोटिक असतं, बुधवारी दुसरं जोडलं जातं, गुरुवारी क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावतं, शुक्रवारी रुग्ण अशा खोलीत हलतो जिथे शेजारी जुलाबाचा रुग्ण आहे.

हे काम संगणकाला शिकवता येतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि बॉस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांनी मिळून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकीकडे १ लाख ९१ हजार आणि दुसरीकडे ६५ हजारांहून जास्त भरती झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी घेतल्या. वय, आधीचे आजार, रक्ताचे रिपोर्ट, दिलेली औषधं, कोणत्या वॉर्डात किती दिवस, असे हजारो तपशील संगणकापुढे ठेवले आणि कुणाला पुढे सी-डिफ झाला हेही दाखवलं. त्यातून प्रत्येक रुग्णाचा प्रत्येक दिवसाचा धोका काढणारं गणित तयार झालं. ज्यांना पुढे संसर्ग झाला त्यांच्यापैकी निम्म्यांच्या बाबतीत तपासणीचा नमुना घेण्याच्या किमान पाच दिवस आधी हे गणित इशारा देऊ शकलं असतं.

पाच दिवस म्हणजे काय, हे वॉर्डात काम करणाऱ्याला विचारा. तेवढ्यात औषध बदलता येतं, खाट बदलता येते, सावध राहता येतं.

धोका जास्त दाखवला म्हणजे होणारच का?

नाही, आणि या गैरसमजाने नातेवाईक उगाच खचतात.

वरच्या अभ्यासातलं गणित किती चांगलं, ते असं समजून घ्या. पुढे संसर्ग होणारा एक रुग्ण आणि न होणारा एक रुग्ण अशी जोडी घेतली, तर मिशिगनमध्ये १०० पैकी ८२ वेळा गणिताने योग्य माणसाला जास्त धोका दाखवला. बॉस्टनमध्ये ७५ वेळा. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा बरोबर आलं असतं. म्हणजे उपयोगी नक्कीच आहे, भविष्यवाणी नाही.

शिवाय हा संसर्ग मुळात थोड्यांनाच होतो. समजा, १००० रुग्ण आहेत आणि त्यांतल्या १० जणांना तो होणार आहे. गणिताने सर्वांत जास्त धोक्याचे १०० जण निवडले आणि त्या दहांतले सहा त्यात सापडले, तरी उरलेल्या ९४ जणांना काहीच होणार नाही. म्हणून इशारा मिळाला की आम्ही स्वस्त आणि निरुपद्रवी गोष्टी आधी करतो: औषधांची फेरतपासणी, हात धुणं, स्वच्छता, लक्ष. नुसत्या इशाऱ्यावर कुणाला सी-डिफचं औषध सुरू करायचं नसतं.

मग ते गणित पुण्यात आणून लावलं की झालं?

नाही होत. मिशिगन आणि बॉस्टन या दोन्ही ठिकाणांसाठीसुद्धा वेगवेगळी गणितं तयार करावी लागली, कारण रुग्ण वेगळे, नोंदी ठेवायची पद्धत वेगळी. आपल्याकडे तर केस पेपर अजून अनेक ठिकाणी हाताने लिहिला जातो. कॉम्प्युटरमध्ये फक्त बिल आणि रिपोर्ट असतात.

त्याहून मोठी अडचण मला एका आजींमुळे कळली. सत्तरी ओलांडलेल्या, न्यूमोनियासाठी भरती झालेल्या. केस पेपरवर आधीच्या औषधांच्या रकान्यात 'बीपीची गोळी' एवढंच होतं. सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले, आठव्या दिवशी सी-डिफचा रिपोर्ट आला. मी त्यांच्या मुलाला विचारलं, "दादा, घरी आईंनी काय काय घेतलं होतं?" तो संध्याकाळी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. मी ती टेबलावर रिकामी केली. सेफिक्झिम या अँटिबायोटिकची संपलेली पट्टी. लेव्होफ्लॉक्सासिनची पाच गोळ्या काढलेली पट्टी. पँटोप्राझोलच्या तीन पट्ट्या, एक अर्धी. महिनाभरापूर्वी खोकला झाला तेव्हा घराखालच्या मेडिकलमधून एक औषध आणलं होतं, लघवीला जळजळ झाली तेव्हा दुसरं. मुलगा म्हणाला, "सिस्टर, कुणी विचारलंच नाही." खरंच आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. आमच्या भरतीच्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता.

सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळू नयेत आणि त्यांची विक्री दुकानाच्या रजिस्टरमध्ये नोंदवली जावी, असा शेड्यूल एच-१ चा नियम २०१४ पासून आहे. पट्टीवर लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये हे सांगायलाच. पण दुकानातली ती नोंद रुग्णालयाच्या कॉम्प्युटरपर्यंत येत नाही. कितीही हुशार गणित आणलं तरी त्याला आजींच्या कपाटातली पिशवी दिसणार नाही. ती तुम्हाला दिसते.

आता आमच्या फॉर्मवर प्रश्न आहे: गेल्या तीन महिन्यांत कोणतंही अँटिबायोटिक घेतलं का, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी किती दिवसांपासून? नावं आठवत नसतील तर पिशवीच आणा. रिकाम्या पट्ट्या फेकू नका.

शी तपासून आधीच कळत नाही का?

या दिशेने फार चांगलं काम चालू आहे. युरोपातल्या रुग्णालयांमध्ये अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच रुग्णांची शी घेऊन त्यांना ९० दिवस बघितलं गेलं. तो अभ्यास २०२१ मध्ये आला. ज्यांना पुढे सी-डिफ झाला त्यांच्या आतड्यातली जंतूंची विविधता औषधाचा पहिला डोस जाण्याच्या आधीपासूनच कमी होती. एन्टरोकॉकस गटाचे जंतू जास्त होते, बिफिडोबॅक्टेरियमसारखे मित्र कमी होते. म्हणजे वस्ती आधीच विरळ झालेली होती. तरी ही तपासणी अजून रोजच्या वापरात आलेली नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे खर्च करू नका.

आणि जुलाब नसताना सी-डिफची नेहमीची तपासणी करून घेण्यातही अर्थ नाही. काही माणसांच्या आतड्यात हा जंतू काही त्रास न देता राहतो. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आला की नको ते औषध सुरू होतं. डबीत टाकलेली शी डबीचा आकार घेत असेल, इतकी पातळ असेल, तरच नमुना पाठवायचा.

धोका जास्त आहे असं दिसलं तर डॉक्टर काय बदलतात?

पहिला प्रश्न असतो, हे अँटिबायोटिक अजून हवं आहे का? कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून तो ओळखण्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला असेल तर सगळ्यांना मारणाऱ्या जड औषधाऐवजी नेमक्या जंतूवरचं साधं औषध देता येतं. किती दिवस द्यायचं, ती तारीख केस पेपरवर लिहिली जाते. तारीख लिहिली की औषध विसरून चालू राहत नाही. एवढ्याशा गोष्टीचा मला फार भरवसा वाटतो. अ‍ॅसिडिटीचं औषध लागत नसेल तर काढतात. शक्य असेल तर वेगळं शौचालय असलेली खाट देतात. आणि पहिली पातळ शी झाली की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता सगळे सावध होतात.

मग अँटिबायोटिकच नको म्हणावं का?

अजिबात नको. १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलीन देशातच बनावं म्हणून. त्याच्या आधीच्या काळात पायाला गंजका खिळा लागून, बाळंतपणात ताप येऊन माणसं जात होती. रक्तात संसर्ग पसरलेल्या रुग्णाला अँटिबायोटिक द्यायला एक तास उशीर झाला तरी जीव जाऊ शकतो. लागतं तेव्हा ते लगेच आणि पुरेसं द्यायचंच. साध्या सर्दी-पडशाला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.

सॅनिटायझर लावलं की पुरे ना?

सी-डिफसाठी नाही. करोनानंतर सगळ्यांच्या खिशात बाटली आली, पण अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण लावून नळाच्या पाण्याखाली हात चोळून धुवायचे. साबणानेही बीजाणू मरत नाहीत, ते पाण्याबरोबर वाहून जातात. खाटेचे कठडे, कमोडची सीट, बेडपॅन, नळाची तोटी हे सगळं आमच्या मावशी हायपोने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने पुसतात. त्या पुसत असताना जरा बाजूला व्हा आणि द्रावण ओलं राहू द्या. लगेच कोरड्या फडक्याने पुसलं तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही.

रुग्णाच्या खाटेवर बसून डबा खाऊ नका.

दही, ताक, प्रोबायोटिकची पुडी?

पथ्य नसेल तर ताक जरूर द्या, तोंडाला चव येते आणि पाणीही जातं. पण ताक दिलं म्हणून सी-डिफ होणार नाही, असं समजू नका. पुड्यांचं सांगायचं तर, इंग्लंड आणि वेल्समध्ये अँटिबायोटिक घेणाऱ्या ६५ वर्षांवरच्या सुमारे ३००० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्यात प्रोबायोटिक घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना जुलाब सारखेच झाले. काही लहान अभ्यास उलट सांगतात. किमोथेरपीचा किंवा आयसीयूतला रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी देऊ नका, कारण प्रतिकारशक्ती फार कमी असताना त्यातले जिवंत जंतू रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत.

जुलाब थांबवायची गोळी द्यावी का?

आपल्या मनाने देऊ नका. सी-डिफ असेल तर विष आतच साठतं.

सी-डिफ झालाच तर इंजेक्शनची बाटली प्यायला का देतात?

हे बघून नातेवाईक दचकतात, भांडायलाही येतात. सी-डिफवरचं औषध म्हणजे व्हॅन्कोमायसिन. ते शिरेतून दिलं तर मोठ्या आतड्याच्या पोकळीत पोहोचत नाही. तोंडाने दिलं तर रक्तात फारसं शोषलं जात नाही, थेट आतड्यात उतरतं, आणि तिथेच ते हवं असतं. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची पावडर पाण्यात विरघळवून पाजतात. चवीला कडू लागते. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, १० दिवस. फिडॅक्सोमायसिन नावाचं दुसरं चांगलं औषध आहे, पण ते महाग आहे. मूळचं अँटिबायोटिक थांबवता येत असेल तर थांबवतात.

पाचातल्या साधारण एकाला हा संसर्ग उलटतो. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांसाठी निरोगी माणसाची शी प्रक्रिया करून आतड्यात सोडण्याचा उपचार आहे. ऐकून कसंतरी वाटतं, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत तो नुसत्या व्हॅन्कोमायसिनपेक्षा इतका सरस ठरला की चाचणी मध्येच थांबवावी लागली. उठलेली वस्ती पुन्हा वसवायची, एवढंच त्यामागचं तत्त्व.

घरी गेल्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं?

अँटिबायोटिक संपल्यावर पहिला महिना सर्वांत जपायचा, पण धोका तीन महिन्यांपर्यंत राहतो. डिस्चार्जच्या दिवशी घरातल्या कॅलेंडरवर शेवटच्या डोसची तारीख लिहा आणि तीन महिने पुढे खूण करा. त्या काळात जुलाब झाले तर 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच असू द्या: "आई अमुक तारखेपर्यंत अँटिबायोटिकवर होती." दात काढायचा असो की डोळ्याचं ऑपरेशन, त्या तीन महिन्यांत कुणीही नवं अँटिबायोटिक लिहिलं तर हे सांगा. आणि सी-डिफ एकदा होऊन गेला असेल तर तीन महिन्यांचा हिशोब सोडा, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स रुग्णाच्या फाइलमध्ये कायम सगळ्यात वर ठेवा.